हेक्टर मोठा असतो, बाई

आमच्या सोसायटीत मला हेक्टरकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे हेक्टरकाका. नाशिकमध्ये फ्लॅटात राहणाऱ्या पुष्कळांची गावाकडे कुठे ना कुठे थोडी जमीन असते. ती किती आहे हे त्यांना वडिलांनी एकरात सांगितलेलं असतं आणि सातबारा मात्र हेक्टरात बोलतो. मग संध्याकाळी बाकावर कोणीतरी मोबाइल माझ्यापुढे धरतो.

"काका, शून्य पॉइंट एक्क्याऐंशी म्हणजे किती?"

"दोन एकर."

"आणि एक पॉइंट बासष्ट?"

"चार."

माणूस खूश होऊन जातो. जणू ती जमीन मीच त्याला दिली.

यात हुशारी काही नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, आर किंचित लहान. म्हणून हेक्टर म्हणजे अडीच एकर, किंचित कमी. मी तलाठी होतो, पुढे बढती मिळत गेली आणि नव्या तलाठ्यांच्या प्रशिक्षणात हे गणित शिकवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच राहिलं. 'याच्यासारखं दप्तर कोणाचं नाही' असा माझा लौकिक होता. तो लौकिक ज्या कामामुळे झाला, त्याच कामात मी एका बाईचे पंधरा आर कागदावरून काढून घेतले. ते पन्नासेक वर्षांनी परत गेले. पण परत जातानाही कागदावर पूर्ण खरं लिहिलं गेलं नाही, म्हणून ते इथे लिहितो. वय अठ्ठ्याहत्तर. आणखी पुढे ढकलण्यासारखं वय नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. नाशिकहून निघालेली एसटी तासाभरात त्या गावाच्या फाट्यावर सोडते, एवढं पुरे. मी तिथे लागलो तेव्हा मला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. जमिनीच्या नोंदी एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरांत नेण्याचं काम तेव्हा चालू होतं. प्रत्येक खातेदाराचं क्षेत्र कोष्टकात बघायचं, आधी कच्च्या कागदावर उतरवायचं, मग नव्या रजिस्टरात पक्क्या शाईने लिहायचं. पानं भरली की सर्कल येऊन सह्या करायचे. सर्कल म्हणजे आमच्यावरचे अधिकारी. जुने तलाठी या कामाला वैतागले होते. त्यांचं आयुष्य गुंठ्यात गेलेलं. मला मात्र मजा वाटत होती. मी नव्या पैशांबरोबर वाढलेला. दशांश चिन्ह मला पाळण्यातच भेटलं होतं म्हणा ना. जुन्या लोकांकडे बघून मी मनात हसायचो, की यांना अजून चाळिसाने भागावं लागतं.

शिवाय माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे लोक थांबून बघत असं. त्या रजिस्टरात एकही खाडाखोड होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. असं ठरवायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. काम बरोबर व्हावं असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते मी गृहीत धरलं.

राहायला मी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली होती. त्यांना घरमालक म्हणतो. भाडं ते घेत नसत, जेवणही त्यांच्याकडेच. भाकरी वाढताना त्यांची बायको विचारायची, "तात्या, लेखणी झिजली का न्हाई अजून?" गावात तलाठ्याला तात्या म्हणत. विशी-बाविशीतला तात्या.

सगळी खाती उतरवून झाल्यावर बेरीज जमवायची असते. गावाचं एकूण क्षेत्र वरून ठरवून आलेलं असतं आणि तुमच्या खात्यांची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. शेवटची काही पानं कच्चीच होती तेव्हा मी बेरीज केली. पंधरा आर जास्त आले. गाव होतं तेवढंच होतं, पण माझ्या रजिस्टरात ते पंधरा आरांनी वाढलं होतं.

दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. माझ्या घरमालकांचं एक क्षेत्र जुन्या कागदावर '२-५' असं होतं. दोन एकर पाच गुंठे. म्हणजे शहाऐंशी आर. मी तिथे लिहिलं होतं एक हेक्टर एक आर. का, तर अडीच एकराला एक हेक्टर एक आर हे मला पाठ झालं होतं, आणि दोन आणि पाच दिसल्याबरोबर माझ्या दशांशी डोक्याने अडीच वाचलं. कोष्टक उघडलंच नव्हतं. चाळिसाने भागणारा कुठलाही म्हातारा तलाठी ही चूक करू शकला नसता.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाचीही होते. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सर्कलची छोटी सही घ्यायची. पण ते पान पक्कं झालं होतं, सही झाली होती, आणि इतकं देखणं पान मी तोवर लिहिलं नव्हतं. त्यातून ते घरमालकांचं होतं. 'तुमचे पंधरा आर कमी करतो' असं त्यांना त्यांच्याच ताटावर बसून सांगायचं.

मी कच्ची पानं पुढे ओढली. त्यात एका विधवा बाईचं खातं होतं. '१-८'. एकर आठ गुंठे. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, भांडायला कोणी नाही. एकर आठ गुंठे म्हणजे एकोणपन्नास आर. मी पक्क्या शाईने चौतीस लिहिले. एकोणपन्नासातून पंधरा गेले, चौतीस राहिले. बेरीज जुळली. खाडाखोड नाही.

ती बाई उतारा न्यायला आली तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणीतरी तिला सांगितलं असावं.

"तात्या, माझं येकर आठ गुंठं व्हतं. हितं येकबी न्हाई म्हनत्यात."

"हेक्टर मोठा असतो, बाई," मी म्हणालो. "माप मोठं झालं म्हणून आकडा लहान दिसतो."

"म्हंजे जमीन तेवढीच हाय ना?"

"तेवढीच."

"मंग ठीक हाय. आमाला काय ठावं," असं म्हणून तिने अंगठा उठवला. जाताना मेथीची एक जुडी टेबलावर ठेवून गेली. संध्याकाळी ती मेथी घरमालकांकडे शिजली आणि मी खाल्ली.

त्या वाक्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. हेक्टर मोठा असतो म्हणून आकडा लहान दिसतो, हे अगदी खरं आहे. गावातल्या दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतं तर ते ज्ञान झालं असतं.

महिनाभराने मामलेदारांनी तालुक्याच्या सगळ्या तलाठ्यांपुढे माझं रजिस्टर उघडून धरलं. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात दप्तर. एक रेघ मारलेली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही खाली बघून नम्रपणे उभा राहिलो. ते मला चांगलं जमत असे.

पुढे बदली झाली, गाव सुटलं. प्रशिक्षणात शिकवायला लागलो तेव्हा फळ्यावर पहिलं उदाहरण मी हटकून दोन एकर पाच गुंठ्यांचं घ्यायचो. "याला अडीच समजू नका," मी सांगायचो. "एका गावी एका तलाठ्याने समजलं होतं." पोरं हसायची. त्या तलाठ्याने पुढे काय केलं हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चुकीचा अर्धा भाग मी इतक्या वेळा कबूल केला, की उरलेला अर्धाही कबूल झाल्यासारखं मलाच वाटायला लागलं.

आणि मनाची समजूत घालायला एक कारण तयार होतं. बांध तर कोणी हलवला नाही ना. बाई तेवढीच जमीन कसतेय. कागदाला कुठे पीक येतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या विंगमधल्या एक निवृत्त नर्सबाई बाकाजवळ आल्या. त्यांना मी रोज पाहत होतो. नमस्कार व्हायचा, त्यापलीकडे ओळख नव्हती.

"काका, एक विचारायचं होतं," म्हणाल्या आणि पिशवीतून सातबारा काढला.

मी गावाचं नाव वाचलं. मग गट नंबर. मग क्षेत्र. शून्य पॉइंट चौतीस. आता संगणकातलं छापील अक्षर होतं, माझं नव्हतं. आकडा माझा होता.

त्या त्याच बाईची धाकटी मुलगी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली बहीण गावीच. लग्न टिकलं नाही, माहेरी आली आणि जन्मभर तेच शेत कसत राहिली. विहिरीजवळ दोन खोल्या बांधून राहते. जमीन दोघींच्या नावावर सामाईक. आता दोघींचं ठरलं होतं की निम्मी-निम्मी करून सातबारे वेगळे करायचे.

"भांडण नाही हो काका," त्या म्हणाल्या. "माझी मुलं वाईट नाहीत. पण त्यांना तिथं शेत दिसत नाही, प्लॉट दिसतात. मी गेल्यावर ती ताईबरोबर भागीदार होणार. ताईचं घर तिच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर पाहिजे. तिला कोणी ऊठ म्हणायला नको."

"मग अडलंय कुठे?"

"कचेरीत म्हणतात, वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा वेगळा होत नाही. चौतीसचे दोन केले तर सतरा-सतरा येतात. होत नाही म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "काका, आई नेहमी एकर आठ गुंठे म्हणायची. चौतीस आर म्हणजे तेवढं होत नाही ना?"

माझ्याकडे सगळी सोसायटी उत्तरं घ्यायला येते. मी चष्मा पुसला.

"नाही होत," मी म्हणालो. "जुन्या लोकांचा अंदाज असतो. बोलायची पद्धत."

"मला वाटलंच," म्हणून त्यांनी सातबाऱ्याची नीट घडी घातली आणि आभार मानून गेल्या.

म्हणजे त्यांच्या आईशी जेवढं खोटं बोललो होतो, तेवढंच मुलीशीही बोललो. फरक एवढाच, की पहिल्या वेळी मी बाविशीचा होतो आणि घाबरलेला होतो. आता घाबरण्यासारखं काय होतं? पेन्शन कोणी काढून घेणार नव्हतं. फार तर हेक्टरकाका म्हणणं बंद झालं असतं.

आठ दिवस मी बाकावर गेलो नाही. बायकोला संशय आला. तिला मी हे कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती गवार निवडत होती, तेव्हा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रागावेल. तिने विचारलं, "पंधरा आर म्हणजे नक्की किती हो?"

"पंधरा गुंठे धर."

"मला गुंठे नका सांगू. हा आपला फ्लॅट किती आर आहे?"

मी मनात हिशेब केला. "पाऊण आरही नाही."

"म्हणजे असे वीस फ्लॅट झाले."

"एकवीस."

"एकवीस," ती म्हणाली आणि गवारीची टोकं मोडत राहिली. "आणि मी समजत होते, घरात देव्हाऱ्यापुढे पाच मिनिटं जास्त बसता ते माझ्या गुडघ्यांसाठी. उठा, जाऊन सांगा त्यांना. मला संध्याकाळी त्या बाई गिरणीत भेटतात, मी तोंड कसं दाखवू?"

मी नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हे मला नका सांगू काका. ताईला सांगा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे एसटीने गेलो. फाट्यावरून पायी. शेतात कांदा लावलेला होता, विहिरीवर मोटार चालू होती. थोरल्या बहिणीने मला ओळखायचं कारण नव्हतं. धाकटीने सांगितलं, हे आपल्या गावचे जुने तात्या.

"या तात्या, बसा," तिने बाज ओढली. "लय वर्सांनी आलं. च्या घेनार ना?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. '२-५', '१-८', कच्ची पानं, पक्की पानं. मेथीची जुडीसुद्धा. ती हातातला विळा खाली न ठेवता ऐकत होती. मी थांबल्यावर ती बहिणीकडे वळली.

"म्हंजे आई येडी न्हवती."

धाकटी रडायला लागली.

"तात्या," ती मला म्हणाली, "आई मरंस्तवर म्हनायची, माझं येकर आठ गुंठं हाय, येकर आठ गुंठं हाय. भावकी हसायची. हिचा नवरा हसायचा. मी सुदिक म्हनलं तिला येकदा, म्हातारे, कागद खोटं बोलतो का? आता गप ऱ्हा." तिने विळा बाजेवर ठेवला. "तवापासनं ती बोलली न्हाई त्यावर. गपच ऱ्हायली."

मला वाटत होतं मी जमीन घेतली होती.

"शिव्या द्यायच्या तर द्या," मी म्हणालो.

"देईन की. सवड झाल्यावर. आदी माझा कागद करून द्या. तुमचं वय बघून म्हनते, राग मानू नका. घाई करा."

घाई करायची तर घरमालकांच्या घरी जाणं भाग होतं. त्यांच्या कागदावरचे पंधरा आर कमी झाल्याशिवाय हिचे वाढणार नव्हते, आणि त्यासाठी त्यांची संमती असेल तर काम सोपं. घरमालक आणि त्यांचा मुलगा दोघंही वारले होते. नातू होता, पन्नाशीला आलेला, ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. मी मनात बरीच वाक्यं जुळवून गेलो होतो. आजोबांच्या अन्नाला जागलो वगैरे. पंधरा आर सोडायला सांगायचे म्हणजे माणूस अंगावर येणार.

मी कसंबसं सांगून टाकलं, तसा त्याने पाना खाली ठेवला. "कुठला गट म्हणालात?"

मी सांगितलं.

"किती आर जास्त?"

"पंधरा."

तो ट्रॅक्टरखालून बाहेर आला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, बाहेर ये! पंधरा आर सापडले!"

झालं होतं असं, की त्यांनी जमीन जेव्हा जेव्हा मोजली, तेव्हा ती कागदापेक्षा पंधरा आर कमी भरली. कागदावर एक हेक्टर एक, शेतात शहाऐंशी आर. मग ते पंधरा आर शेजाऱ्याने दाबले असणार. शेजारी म्हणजे त्यांचे सख्खे चुलते. आजोबांच्या वेळी नुसती कुरबुर होती, वडिलांच्या वेळी बांध कोरण्यावरून मारामारी झाली, याच्या वेळी कोर्ट. वीस वर्षं दोन्ही घरांत लग्नाच्या पत्रिका गेल्या नव्हत्या.

"तात्या," तो म्हणाला, "आजा सांगायचा, तलाठी आपल्या घरचा होता, आपला कागद एकदम पक्का हाय. त्याच्या भरवशावर भांडलो आम्ही. काय खाल्लं व्हतं हो तुम्ही आमच्या घरी?"

"भाकरी," मी म्हणालो.

"लय महागात पडली." आणि तो हसायला लागला. ते हसू चांगलं नव्हतं, पण त्याने सही द्यायचं कबूल केलं. त्याला ते पंधरा आर घरातून जायलाच हवे होते.

असं हे माझं काम. एका घरात जमीन होती तिला कागद नव्हता, दुसऱ्या घरात कागद होता त्याला जमीन नव्हती. आणि बेरीज बिनचूक.

रेकॉर्ड रूममधून जुने कागद काढायला मला वेळ लागला नाही. कुठलं गाठोडं कुठे असतं हे अजून हाताला माहीत होतं. '१-८' आणि '२-५' दोन्ही पानांच्या नकला मिळाल्या. माझ्या रजिस्टरचीही मिळाली. तिथल्या कारकुनाने पान उलटताना जवळच्या माणसाला दाखवलं, "अक्षर बघ रे जुन्या लोकांचं. एक खाडाखोड नाही."

सुनावणीला आम्ही चौघं. दोघी बहिणी, नातू आणि मी. तहसीलदार चाळिशीच्या आतल्या एक बाई होत्या. गावचा तलाठीही हजर होता. आता त्यांना तलाठी म्हणत नाहीत, ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मुलगा हुशार आणि चटपटीत. त्याने जुन्या पानावर नजर टाकली, मोबाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, यांचे त्र्याहत्तर आर होतात. एकोणपन्नास नाही."

"त्र्याहत्तर?" नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्या मोबाइलमध्ये डोकावलो. त्याने एकराच्या रकान्यात १.८ टाकलं होतं. मोबाइलने इमानाने एक पूर्णांक आठ दशांश एकरांचे आर काढून दिले होते.

"साहेब, ते एक पॉइंट आठ नाही," मी म्हणालो. "एकर आठ गुंठे. एकर दहा गुंठ्यांचा नसतो, चाळिसाचा असतो. अठ्ठेचाळीस गुंठे टाका."

त्याने टाकलं. एकोणपन्नास आले. कानापर्यंत लाल झाला बिचारा. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पन्नास वर्षांत माप बदललं, यंत्र बदललं, हुद्द्याचं नाव बदललं. चूक जिथल्या तिथे होती.

थोरली बहीण हे सगळं ऐकत होती. "म्हंजे आता हा पोरगा जास्त देत व्हता का?"

"चोवीस आर जास्त देत होतो मावशी," तो ओशाळून म्हणाला.

"नको रे बाबा. आनखी कुनाचं तरी जाईल. आईचं हाय तेवढंच लिव."

मग तहसीलदारबाईंनी माझा जबाब वाचला. मी तो स्वतः, हाताने, दोन पानं लिहून आणला होता. वाचता वाचता त्या एका ठिकाणी थांबल्या.

"काका, इथे तुम्ही 'जाणूनबुजून' लिहिलंय."

"हो."

"ते काढा."

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण माझ्या हातात आहे ती लिहिण्यातली चूक दुरुस्त करणं. हस्तदोष असेल तर मी आदेश काढू शकते. जाणूनबुजून असेल तर मग चौकशी, वरची परवानगी, पुन्हा सगळ्यांना नोटिसा. ते कधी संपेल सांगता येत नाही." त्यांनी थोरल्या बहिणीकडे बघितलं. "मावशी, वय काय तुमचं?"

"सदुसष्ट असंल."

"आणि काका, तुमचं?"

मी सांगितलं.

"मग ठरवा," त्या म्हणाल्या.

बायको म्हणाली त्याप्रमाणे मी सांगायला आलो होतो. सांगितलंही. पण सांगितलेलं लिहून घ्यायला कागदात जागा नव्हती. मी बहिणींकडे बघितलं. धाकटी खाली बघत होती. थोरली म्हणाली, "तात्या, तुमच्या पापाचं तुमी देवाफुडं बघा. हितं माझा सातबारा होऊ द्या."

मी बाहेर बाकावर बसून दुसरा जबाब लिहिला. 'सदर क्षेत्र रूपांतर करताना माझ्याकडून नजरचुकीने कमी नोंदले गेले.' एका ओळीत संपलं. पुन्हा त्याच बाईचा कागद, आणि त्यावर पुन्हा मी खोटं लिहिलेलं. या वेळी तिच्या बाजूने, एवढाच काय तो बदल. अक्षर तेवढं आता थरथरतं.

तहसीलदारबाईंनी सही केली. "काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो," त्या मनापासून म्हणाल्या. मी खाली बघून उभा राहिलो. ते अजूनही जमतं.

संगणकाने दुरुस्ती लगेच घेतली. गावाचं एकूण क्षेत्र बदललं असतं तर त्याने कुरकुर केली असती. इकडचे पंधरा तिकडे गेले, बेरीज तीच. पुढे वाटणीची नोंद होऊन दोन सातबारे निघायला पावसाळा उलटला. नर्सबाईंनी निरोप दिला की ताई म्हणते, कागद तात्यांनीच वाचून दाखवायचा.

पुन्हा एसटी, पुन्हा फाटा. ती विहिरीच्या काठावर बसली होती. कागद माझ्या हातात दिला.

"वाचा."

मी तिचं नाव वाचलं. एकटीचं. मग क्षेत्र. "शून्य हेक्टर, चोवीस आर, पन्नास चौरस मीटर."

"हेक्टरात नगं. गुंठ्यात सांगा."

"चोवीस गुंठे," मी म्हणालो. "आणि वर थोडं."

"आईचं अठ्ठेचाळीस. निम्मं चोवीस. बराबर." तिने बोटांवर मोजलं. "वर थोडं कसलं?"

मी समजावून सांगितलं. आर काढताना अर्ध्याच्या वर गेलं की पूर्ण धरतात, त्यामुळे कागदावर थोडंसं वाढतं. शेतात काही वाढत नाही.

"किती वाढलं?"

"बावीस चौरस मीटर. एका खोलीएवढं."

"कुनाचं गेलं ते?"

"कोणाचं नाही. ते कुठे नाहीच. नुसतं कागदावर आहे."

तिने जरा विचार केला. मग माझ्याकडे बघून, ज्या शिव्या सवडीने देणार होती त्या सगळ्या एकदम दिल्यासारखी हसली.

"मंग ते तुमचं, तात्या. तुमाला दिलं. या कधीबी, बाज टाकून बसा त्याच्यावर."